टर्बो गेलाय म्हणे!

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला नातेवाइकांत फार मान असतो, असा एक समज आहे. तो खोटा नाही. फक्त हा मान त्या माणसाच्या सहीला असतो, आणि सही हाताशिवाय येत नाही म्हणून उरलेल्या माणसालाही सोबत चहा मिळतो. लग्नाच्या पंगतीत मला आग्रहानं जिलबी वाढणारे हात पुढल्या पंधरवड्यात कुठल्या तरी छापील कागदावर "हितं, या फुलीपाशी" म्हणून बोट ठेवतात, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. जिलबी आणि जामीन या दोन्ही शब्दांची सुरुवात एकाच अक्षरानं व्हावी, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

वास्तविक जामीन राहणं म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बी. कॉम.ला व्यापारी कायद्याचा पेपर होता. त्यातलं बाकी सगळं परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी धुऊन निघालं. पण भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ मात्र डोक्यात खिळ्यासारखं राहिलं. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, असं हे कलम सांगतं. म्हणजे गाडी त्यानं चालवायची, हप्ता त्यानं भरायचा, आणि भरला नाही तर सावकार दोघांपैकी ज्याचं दार जवळ असेल ते वाजवणार. माझं दार शहरात, डांबरी रस्त्यावर आहे. पण कायदा कितीही पाठ असला तरी बायकोच्या सख्ख्या भावापुढे कलमं चालत नाहीत. तिथे एकच कलम चालतं, आणि ते माहेरच्या बाजूनं लिहिलेलं असतं.

तर आमच्या मेहुण्यानं डिझेलची पिकअप घेतली. मेहुणा नेवासा तालुक्यातला. घरचा कांदा, शेजाऱ्याचा कांदा, पाहुण्यांचा ऊस, कुणाची म्हैस, कुणाचं रुखवत, असं मिळेल ते भाडं मारायचं आणि हप्ता फेडायचा, असा त्याचा सरळ हिशेब. गाडी २०१८ सालची, दुसऱ्या हातची. पासिंग दीड टनाचं. दीड टनाचं पासिंग म्हणजे दीड टनापासून पुढे, असा आमच्या भागात त्याचा अर्थ लावतात. हप्ता महिना १४,२५० रुपये. कर्जदार मेहुणा, जामीनदार मी, आणि या व्यवहाराची प्रेरणा घरात स्वयंपाक करीत होती.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी फोन वाजला. माहेरचा फोन म्हणून हिनंच उचलला. दोन-तीन वेळा "अगं बाई!" झालं, एकदा "कधी?" झालं, आणि पदराला हात पुसत ती माझ्याकडे वळून जड आवाजात म्हणाली,

"अहो, टर्बो गेलाय म्हणे."

सासुरवाडीला कुत्र्यांची नावं ठेवण्याची पद्धत अलीकडे फार सुधारली आहे. मोती आणि वाघ्या जाऊन रॉकी आणि टायगर आलेले आहेत. त्यामुळे हिनं फोनवर पुढचा प्रश्न विचारला, तो अगदी रास्त होता.

"काही खाल्लंबिल्लं होतं का रे त्यानं?"

"कांदाच जरा जास्त झाला व्हता, अक्का. इमामपूरच्या घाटात पार बसला. धूरच काढला की काळाकुट्ट."

कांदा खाऊन काळा धूर काढणारा कुत्रा हिच्याही कल्पनेत बसेना, तेव्हा फोन माझ्याकडे आला. "दाजी," मेहुणा म्हणाला, "सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मशीन लावून बघितलं. टर्बोच बदलावा लागतोय. चौऱ्याऐंशी हजार सहाशे."

आता मलाही कुणीतरी गेल्यासारखं वाटायला लागलं.

ज्यांच्या घरात अजून कुणाचा टर्बो गेलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणं आवश्यक आहे. चुलीपुढे बसून आपली आजी फुंकणीनं जे काम करी, ते टर्बो डिझेल इंजिनासाठी करतो. वारा जास्त घातला की तेवढ्याच चुलीत जास्त सरपण चांगलं जळतं. फरक इतकाच, की आजीच्या डोळ्यांत धूर जाई आणि टर्बो त्या धुरावरच चालतो. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. टाकाऊतून टिकाऊ. ही युक्ती आल्फ्रेड ब्युशी नावाच्या स्विस इंजिनिअरची. पेटंट १९०५ सालचं. पुढे १९१८ साली सॅनफर्ड मॉस नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी एक विमानाचं इंजिन पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या डोंगरावर नेऊन, तिथल्या विरळ हवेतही टर्बो लावला की ते नीट ओढतं, हे दाखवून दिलं. आपल्या जिल्ह्यातलं कळसूबाई महाराष्ट्रात सर्वांत उंच. पण ते १६४६ मीटर, म्हणजे साडेपाच हजार फुटांच्याही खालीच. इमामपूरच्या घाटाची तर या हिशेबात पायरीसुद्धा धरता येणार नाही. ब्युशीसाहेबांची विद्या चौदा हजार फुटांवर टिकली आणि पांढरीचा पूल ओलांडून चार वळणं चढली नाही, ही गोष्ट मनाला लागण्यासारखी होती.

शिवाय टर्बो हे प्रकरण नाजूक. आपल्या डोक्यावरचा पंखा मिनिटाला साडेतीनशे-चारशे फेरे घेतो आणि तेवढ्यावर करकरतो. टर्बोचा दांडा जोरात असला की मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. दीड लाख धरले तरी सेकंदाला अडीच हजार झाले. एवढ्या वेगात तो कशावर टेकलेला असतो, तर तेलाच्या एका पातळ थरावर. तेल खराब झालं किंवा कमी पडलं, की थर संपला, टर्बो संपला, आणि जामीनदाराची झोप संपली.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काचेच्या भिंती, गारेगार हवा, आणि कॉफी फुकट. ज्या दुकानात कॉफी फुकट असते तिथल्या पाण्याचेसुद्धा पैसे बिलात कुठंतरी असतात, एवढं वाणिज्य शाखेत शिकवतात. टेबलामागचा मुलगा मात्र अतिशय सभ्य होता. त्यानं अंदाजपत्रक पुढे ठेवलं. टर्बो ६८,४००. तेलाची नळी आणि पॅकिंग ४,७००. ऑइल आणि फिल्टर ४,३००. मजुरी ७,२००. एकूण ८४,६००. जीएसटी वेगळा. मी बेरीज तपासली. बरोबर होती. माझ्या अनुभवात चुकीच्या बिलाची बेरीज नेहमी बरोबरच असते.

"टर्बो गेलाय हे कशावरून?" मी विचारलं.

"सर, कोड आलाय. पी०२९९."

"म्हणजे?"

त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून सहा लागू झालं. या नियमांतल्या गाड्यांत ठिकठिकाणी संवेदक बसवलेले असतात आणि एक संगणक त्यांच्यावर डोळा ठेवून असतो. काही बिनसलं की तो एक आकडा नोंदवून ठेवतो, पुढे एक दिवा लावतो, आणि इंजिनाचं नुकसान होऊ नये म्हणून त्याची ताकद स्वतःच कमी करतो. त्याला गॅरेजात लिंप मोड म्हणतात. आपण लंगडणं म्हणू. पी०२९९ या आकड्याचा अर्थ पडद्यावर लिहिलेला होता : हवेचा जेवढा दाब हवा होता, तेवढा मिळाला नाही.

तो अर्थ वाचला आणि इतका वेळ परक्या मुलखात असलेला मी एकदम आमच्या शाखेत येऊन बसल्यासारखा झालो. येणं अमुक, आलं तमुक. अहो, याला आम्ही तफावत म्हणतो!

तफावत या विषयात मात्र मला कुणी शिकवण्याची गरज नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत संगणक नुकते आले होते आणि जुने अकौंटंटसाहेब अजून त्यांच्याकडे संशयानं बघत होते. टॅली जुळली नाही की ते नव्या पोरांना ओळीनं उभं करीत आणि सांगत, "फरक आला म्हणून लगेच कॅशियरकडे बघायचं नाही. आधी फरकाला दोननं भागा. ती रक्कम कुठं दिसते का बघा. म्हणजे नावेची जमेला पडलीय. मग नऊनं भागा. पूर्ण भाग गेला तर कुणीतरी आकडे उलटे मांडलेत, चोपन्नाचे पंचेचाळीस केलेत. मग बेरजा बघा. मग व्हाउचर मोजा. आणि हे सगळं करून झालं, की मग चोरीचा विचार करा." या क्रमानं शोधलं, की दहातल्या नऊ वेळा फरक पहिल्या दोन पायऱ्यांवरच सापडे आणि कॅशियरची अब्रू रात्रीच्या आत वाचे.

जे सापडत नाही ते तात्पुरतं टाकायला बँकेत एक खातं असतं. त्याचं नाव सस्पेन्स. कारण माहीत नाही, रक्कम मात्र आहे, अशी बेवारशी मंडळी तिथे मुक्कामाला असतात. कोडवरून थेट टर्बो बदलणं म्हणजे चौऱ्याऐंशी हजार सहाशे रुपये सस्पेन्सला टाकण्यासारखं होतं. (या आकड्याला नऊनं पूर्ण भाग जातो. सवयीनं मी तोही घालून पाहिला.)

"टर्बो उघडून बघितला का?" मी विचारलं.

"सर, उघडायचं म्हणजे लेबर पडेल. आणि नव्याण्णव टक्के तोच असतो."

आमच्या बँकेत सत्तरीचा पेन्शनर प्रत्यक्ष समोर उभा राहून माझ्याशी भांडत असला, तरी हयातीचा दाखला दिल्याशिवाय तो जिवंत आहे असं आम्ही धरत नाही. माणूस गेला म्हटलं, तरी मृत्यूचा दाखला आणल्याशिवाय खात्याला हात लावू देत नाही. इथे मात्र एक टर्बो नव्याण्णव टक्क्यांवर मयत ठरवून त्याच्या दिवसाचा खर्चसुद्धा छापून तयार होता. मी कॉफी संपवली आणि गाडी उद्या घेऊन जातो म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर मेहुण्याचा चेहरा बघवेना. चौऱ्याऐंशी हजार म्हणजे जवळजवळ सहा हप्ते. रांगडा कांदा शेतात काढून पडलेला, भाव रोज एक पायरी उतरत असलेला, आणि गाडी उभी. हप्ता थकून नव्वद दिवस झाले की कर्ज अनुत्पादक ठरतं, हे मी दररोज दुसऱ्यांना सांगत असतो. स्वतःच्या जामिनाच्या बाबतीत नव्वद हा आकडा फारच लहान वाटतो. रात्री जेवताना तो एवढंच म्हणाला, "दाजी, तुमच्याकडं कुणी आलं तर मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही." हिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला कुठलाच कोड नव्हता, पण अर्थ स्पष्ट होता.

तेवढ्यात सल्लागार जमलेच. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर दहा वैद्य मिळतात. गाडी आजारी पडली तर वैद्यांची रांग लागते. एक चुलतसासरे म्हणाले, डिझेलात पाणी असणार. शेजारचे निवृत्त शिक्षक म्हणाले, पूर्वीच्या गाड्यांना हे नसायचंच. हे खरं होतं. पण पूर्वीच्या गाडीनं कांदा नेप्तीला न्यायचा होता कुणाला? एकानं भंगारातला टर्बो अर्ध्या किमतीत आणून देतो म्हणून सांगितलं. त्या टर्बोला आधीच्या मालकानं कोणतं तेल पाजलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि सासूबाईंनी फोनवरून गाडीची दृष्ट काढायला सांगितली. यादीत सर्वांत स्वस्त तेच असल्यामुळे ते ताबडतोब करण्यात आलं.

अशा वेळी मला हवालदारसाहेब आठवले.

आमच्या गावाची गंमत अशी, की १४९० साली वसलेल्या या शहराचं नाव सरकारी दप्तरात २०२४ साली अहिल्यानगर झालं. पण बोलण्यात ते पूर्वीही नगर होतं आणि आजही नगरच आहे. आणि नगर म्हटलं की बाकीच्या महाराष्ट्राला ऊस आठवत असला, तरी आम्हाला लष्कर आठवतं. चिलखती दलाचं केंद्र इथलं, वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्था इथली, १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय इथलं. त्यामुळे रणगाडा खोलून पुन्हा जोडलेली माणसं आमच्याकडे भाजी घेताना भेटतात. हवालदारसाहेब त्यांतलेच. लष्कराच्या दुरुस्ती विभागातून निवृत्त झाले, आणि भिंगारच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये जुजबी कामं करतात. पेन्शन आमच्या शाखेत. दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला ते इतक्या कडक आवाजात देतात, की पुढच्या वर्षाचाही त्यातच धरावा असं वाटतं.

पिकअप त्यांच्या शेडपुढे उभी केली. ती रिकामी होती, त्यामुळे तिथवर अगदी राणीसारखी आली. मला वाटलं, आता पाने निघणार. पण साहेबांनी स्टूल ओढलं आणि मेहुण्याला समोर बसवून वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले.

"रिकामी असताना ओढते?"

"ओढती की. काही कुरकुर नाय."

"भरून सपाटीला?"

"ओढती."

"भरून चढाला?"

"तिथंच बसती. दिवा लागतो. चावी बंद करून चालू केली की जरा वेळ बरी, मग पुन्हा तेच."

"धूर कुठल्या रंगाचा?"

"काळा."

"निळा नाही? नक्की?"

"काळाच, साहेब. मागचा मोटारसायकलवाला शिव्या देऊन गेला."

"आवाज काही आला? शिट्टी? घासल्यासारखा? फुस्स?"

मेहुणा जरा घुटमळला. "गाणी लावली व्हती, साहेब."

"गाणी बंद असती, तर गाडीनं तुला तिथंच सांगितलं असतं," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी समजावलं, ते असं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय; तो टर्बोच्या दुखण्यात येऊ शकतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी पडतेय. दांडा मोडलेला किंवा अडकलेला टर्बो घाट बघून आजारी पडत नाही. तो सपाटीलाही आजारीच असतो. हे दुखणं फक्त दाब वाढला की येतं. "साहेब, ते मशीन खोटं बोललेलं नाही. दाब कमी पडला, हे खरंच आहे. आता फुंकणीत दम नाही, की फुंकणीला भोक आहे, हे त्या बिचाऱ्याला बाहेरून कसं कळणार?"

आमचे अकौंटंटसाहेब असते तर त्यांनी या माणसाला तिथल्या तिथे बढती दिली असती.

मग कामाला सुरुवात झाली, आणि सगळी स्वस्ताकडून महागाकडे. आधी हवेचा फिल्टर काढून झटकला. त्यातून नेवासा तालुक्याचा बराचसा भाग बाहेर पडला; पण तेवढ्यानं हवा अडलेली नव्हती. मग टर्बोच्या बाजूची करंगळीएवढी रबरी नळी बोटानं चाचपली. ही वाळून चिरली तरी टर्बो नीट चालत नाही आणि ही काही शेकड्यांत मिळते. ती शाबूत होती. छोट्या हातपंपानं तिच्यात ओढ देऊन पाहिली, तर टर्बोची बारीक कांडी मुकाट्यानं हलली आणि मुकाट्यानं परत आली. म्हणजे आतली पाती काजळीनं धरलेली नव्हती.

मग टर्बोच्या तोंडावरचा पाइप सोडवून साहेबांनी दोन बोटं आत घातली. नाडी बघावी तसा त्यांनी तो दांडा धरला. बाजूला किंचित हलला. तेवढा हलायचाच, म्हणाले, तेलाला जागा लागते. मागेपुढे ओढून पाहिला, हलला नाही. पाती कुठं घासलेली नव्हती. बोटाला तेलाचा नुसता ओशटपणा लागला, डबकं नव्हतं. साहेबांनी फडक्याला हात पुसले आणि नोव्हेंबरातल्या आवाजात जाहीर केलं,

"टर्बो हयात आहे."

मेहुण्यानं नकळत हात जोडले. दाखल्यावर सहीशिक्का तेवढा राहिला होता.

"मग हवा जाते कुठं?" मी विचारलं. जमा झाली आणि शिल्लक दिसत नाही, याचा अर्थ वाटेत कुणीतरी काढली, एवढं मलाही समजत होतं.

त्यासाठी साहेबांनी जी यंत्रणा काढली, ती कुठल्याही पंक्चरच्या दुकानात असते. टर्बोच्या तोंडावर एक झाकण घट्ट बसवलं. त्या झाकणाला ट्यूबचा व्हॉल्व्ह होता. त्यातून पंधरा पौंड हवा भरली आणि बादलीत साबणाचं पाणी कालवून ते सगळ्या पाइपांवर, जोडांवर ब्रशनं मारलं. टर्बोतून निघालेली हवा थंड व्हायला इंटरकूलर नावाच्या जाळीत जाते आणि तिथून इंजिनात. त्या वाटेवरचा मनगटाएवढा रबरी पाइप वरून अगदी नवा दिसत होता. त्याच्या पोटाखाली मात्र फेसाचा एक मोठा फुगा आला, थरथरला आणि फुटला. मग दुसरा. मग तर गॅरेजात कुणाचा वाढदिवस असावा तसे फुगे यायला लागले.

पाइप काढला. त्याला धरून ठेवणारी एक क्लिप कधीतरी गळून पडली होती. त्यामुळे तो खाली झुकून एका लोखंडी पट्टीवर घासत राहिला होता, आणि घासून घासून बोटभर चीर पडली होती. गाडी रिकामी असताना दाब कमी. चिरेचे ओठ मिटलेले. कांदा भरून घाट लागला, इंजिनानं जास्त हवा मागितली, की ओठ उघडायचे आणि ब्युशीसाहेबांनी कमावलेली सगळी हवा इमामपूरच्या घाटाला दान व्हायची. चिरेभोवती तेलकट काळा डाग होता. म्हणजे गाडीनं खूण करून ठेवली होती. फक्त तिथवर वाकून बघणारं कुणी भेटायचं होतं.

नवा पाइप २,१५०. दोन क्लिपा १८०. साहेबांची मजुरी ५००. एकूण २,८३० रुपये. दोन्ही बिलांतला फरक ८१,७७०. याला नऊनं भाग जात नाही. म्हणजे आकडे उलटे पडले होते, असंही म्हणायची सोय नाही.

साहेबांचं म्हणणं असं, की टर्बो जातच नाही असं काही नाही. दांडा ढिला लागला असता, तर त्यांनीच चौऱ्याऐंशी हजारांचा रस्ता दाखवला असता. पण तोसुद्धा का गेला हे आधी शोधून. तेलाची नळी तुंबलेली राहू दिली, तर नवा टर्बो जुन्याच्याच वाटेनं जातो आणि दुसऱ्यांदा कॉफी प्यावी लागते. मेहुण्याला त्यांनी तीन आज्ञा दिल्या. तेल वेळेवर बदलायचं. घाट चढून आल्यावर लगेच चावी बंद करायची नाही. तो दांडा तापलेला असतो, मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवून त्याला निवू द्यायचं. आणि चढाला गाणी बंद.

त्याच रात्री गाडी पुन्हा भरली. किती भरली, ते मी विचारलं नाही. जामीनदारानं सगळंच विचारू नये. पांढरीच्या पुलापासून मी मेहुण्याच्या शेजारी बसलो होतो. घाट लागला. दोघंही बोलत नव्हतो, गाणीही नव्हती. पहिलं वळण, दुसरं वळण. गिअर खाली आला, टर्बोची बारीक शिट्टी ऐकू आली, आणि दिवा काही लागला नाही. जेऊर आलं तेव्हा मेहुण्यानं गाडी बाजूला घेतली, मिनिटभर चालू ठेवली, मग चावी फिरवली आणि गमछानं तोंड पुसलं. घामच पुसत होता, असं मी धरून चालतो. पाच तारखेचा हप्ता चार तारखेला भरला गेला.

घरात आता माझी किंमत वाढली आहे. सासुरवाडीच्या कुठल्याही यंत्राचं काही बिनसलं, की आधी मला फोन येतो, आणि मी "साबणाचं पाणी लावून बघा" असं सांगतो. दळणाच्या गिरणीला आणि मोबाइललासुद्धा हाच उपाय विचारण्यात आला, तेव्हा थोडं आवरतं घ्यावं लागलं.

मार्चअखेरीस हवालदारसाहेब पासबुक भरून घ्यायला आमच्या शाखेत आले. पासबुक छापायचं मशीन तीन आठवडे बंद होतं. त्यावर पाटी होती, 'मशीन बंद आहे. सहकार्य करावे.' त्याच्या पडद्यावर एक आकडा लुकलुकत होता.

"काय झालंय याला?" साहेबांनी विचारलं.

"गेलंय," आमचे मॅनेजर म्हणाले. "एरर येतोय. नव्याची मागणी वर पाठवलीय."

साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, चष्मा कपाळावर चढवला, मशीनचं झाकण उघडलं, दोन बोटं आत घातली आणि कुणाच्या तरी पासबुकातून निसटलेली स्टेपलरची पिन बाहेर काढली. मशीन कुरकुरलं, आणि त्यांचं पासबुक ओळीनं छापून बाहेर आलं. मजुरी मागितली नाही.

मॅनेजरांनी त्यांना चहा पाजला, आभार मानले. पण नव्या मशीनची मागणी रीतसर वर गेलेली होती, आणि गेलेलं मशीन चालताना कुणी वरून येऊन पाहिलं असतं तर पंचाईत झाली असती. तेव्हा पाटी तशीच राहू देण्यात आली. हल्ली आमच्याकडे लोक ती पाटी बाजूला सरकवून पासबुक छापून घेतात, आणि जाताना पुन्हा नीट लावून ठेवतात.